हळदीच्या अंगाने उतरायचं नाही

नाना गाडीचं इंजिन बंद करायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "गप ऱ्हावा. जनावर हाय."

कर्नाळ्याच्या खिंडीत हे शोभायचं. पण पनवेलच्या मोटारस्टँडवर, भर दुपारी, चहाच्या हॉटेलात दोन क्लीनरांची जुंपली तरी नानांचं तेच. ओठांवर बोट, "जनावर हाय." आणि गंमत अशी की भांडणारे खरोखर थांबून मागे वळून बघायचे. हसू नका. तुम्ही असतात तर तुम्हीही बघितलं असतंत. मी स्वतः कितीदा बघितलंय.

स्टँडवर लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत, तेव्हा मीही तेवढंच म्हणतो. सुकापूरच्या अंगाला त्यांचं गाव. घरची शेती होती, ती भावांनी बघितली; नानांनी मोटार धरली. मोटार म्हणजे कुण्या पारशी शेटजीने वापरून टाकलेली, लांबलचक, काळी विलायती गाडी. पुढे तिघं, मागे चौघं ऐसपैस बसायचे. लग्नसराईत तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढली की जुनेपणाच्या सगळ्या खुणा झाकल्या जायच्या.

आमचं दुकान स्टँडसमोर. बाशिंगं, मुंडावळ्या, अंतरपाट, रुखवताची खेळणी, असलं सगळं लग्नाचं सामान. नाना माझ्यापेक्षा चांगले वीस वर्षांनी मोठे, पण दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणायचे, "शेट, तुजा नि माजा धंदा येकच. तू बांधून देतोस, मी पोचवून देतो."

तेव्हाचं पनवेल म्हणजे गाडी बदलायचं गाव. उरणकडून या, मुंबईकडून या, इथे उतरायचं, हातपाय धुवायचे, चहा प्यायचा आणि मग पेण, नागोठणं, माणगाव, महाड अशी पुढची लांबची वाट धरायची. एसटीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. वऱ्हाड एसटीत कोंबलं तरी चालायचं, पण नवरानवरीला मोटार पाहिजे. आणि मोटार म्हणजे नानांची. कारण नाना वाटेत जनावरं दाखवतात, अशी त्यांची ख्याती होती.

आता खरं सांगतो. नानांना रानातलं काही कळत नव्हतं. काळं पाखरू दिसलं की कोतवाल, हिरवं दिसलं की पोपट, आणि यातलं कुठलंच नसलं की "ते पावन्यावानी येते, र्‍हात नाय." एकदा झाडावरच्या शेकरूला त्यांनी रानमांजर म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. बिबट्या तर त्यांनी जन्मात बघितला नव्हता. पण प्रत्येक वरातीत सांगायचे, "परवाच हितं बसला व्हता."

मग गाडी थांबवायची कशाला? हे मी त्यांना एकदा विचारलं. पायरीवर बसले होते, विडी विझली होती, ती तशीच बोटांत धरून होते.

म्हणाले, "शेट, नवरीला घेऊन म्हाडाला चाललो व्हतो. नवरी रडतेय. रडू दे, नवरी रडतेच. पन मधी बसली नवऱ्याची आत्या. नवऱ्याच्या हातात पान्याचा तांब्या. तिला द्यायचा हाय त्याला, मना आरशात दिसते ना! हात पुडं करतो, आत्या बघते, हात मागं. परत पुडं, परत मागं. म्हाड आला तरी तांब्या त्याच्याच हातात. तवा मी बोललो, ह्या म्हाताऱ्यांना गाडीतून भायेर काडला पायजे."

तुम्हाला आज हे खोटं वाटेल. पण तेव्हा लग्न ठरताना मुलामुलीने एकमेकांना बघायचं ते मान खाली घालून, आणि लग्न लागल्यावर घर माणसांनी भरलेलं. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोललेली सून म्हणजे निर्लज्ज. घरी पोचेपर्यंतचा प्रवास तेवढा दोघांचा, आणि त्यातही दोघांच्या मधे एक आत्या.

तर नानांनी युक्ती काढली. खिंडीच्या अलीकडे रस्त्यापासून जरा आत एक झिरा आहे. वैशाखातही तिथे थोडं पाणी टिकतं. झिऱ्याच्या वरच्या बाजूला झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड, तिथल्या ठाकरांचा, जुना. उन्हं कलली की नाना गाडी तिथे आणून थांबवायचे. म्हणायचे, "घरच्या मोठ्यांनी वाघोबाला नारल द्यायचा. जनावर पान्यावर आला असल तर बघायला बी गावल. पन नवरा-नवरीनी उतरायचा नाय. अंगाला हलद हाय. हलदीच्या वासाला जनावर येते."

काय बिशाद कोणी नाही म्हणेल! हळदीच्या अंगाने बाहेर फिरू नये हे प्रत्येकाच्या आजीने सांगितलेलं. नानांनी फक्त त्याला बिबट्या जोडला. मोठी माणसं चपला हातात घेऊन, एकमेकांचे धोतराचे सोगे धरून, पावलं न वाजवता झिऱ्याकडे निघायची. पुढे नाना, ओठांवर बोट. आणि मागे गाडीत ती दोघं, काचा वर करून. सगळ्या मुलखाला वाटायचं, नाना वरातीला रान दाखवतात. नाना वरात रानात नेऊन लपवायचे, हे ठाऊक असलेला मी एकटा.

आणि मग आमच्या कुसुमचं लग्न ठरलं.

कुसुम माझी धाकटी बहीण. सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, आणि पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळालेली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मास्तरीण व्हायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. आमच्या दुकानातल्या रुखवताच्या बाहुल्या ओळीने बसवून ती त्यांना पाढे म्हणायला लावायची. पण माणगावचं स्थळ चालून आलं, घर खोतांचं, मुलगा सालस. वडिलांनी बैठकीत ट्रेनिंगचा विषय काढला तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "बघू." आपल्याकडे मुलीकडच्यांना 'बघू' म्हणतात त्याचा अर्थ काय होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

लग्नाच्या आदल्या दिवशी कुसुम मला म्हणाली, "दादा, मला त्यांना एकदाच विचारायचंय. नाही म्हणाले तर नाही. पण मला विचारू तर दे. एकदा उंबरठा ओलांडला की जून कधी येऊन गेला ते कळायचंही नाही."

मी काय करणार? मुलीचा भाऊ म्हणजे लग्नात पाणी वाढणारा. मी आपला गाडीची माळ न्यायला आलेल्या नानांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माळ खांद्यावर टाकली, म्हणाले, "बरा," आणि गेले. मी कुसुमच्या कानात एवढंच सांगितलं, वाटेत झिऱ्यापाशी गाडी थांबेल, तेव्हा विचार.

दुसऱ्या दिवशी पंगती उठल्या आणि आम्ही निघालो. वऱ्हाड एसटीने पुढे गेलेलं. गाडीत पुढे नाना, कुसुमचे सासरे आणि पाठराखा म्हणून मी. मागे जावईबापू, कुसुम आणि दोघांच्या मधे आत्याबाई. म्हणजे सासऱ्यांच्या बहीण, सोवळ्या, हातात जपमाळेची पिशवी. आत्या नसती तरच नवल!

सासऱ्यांचा आवाज म्हणजे काय विचारता. आंब्याच्या बागेत माकडं हाकायला माणूस लागू नये. पनवेल सोडल्यापासून ते बोलत होते. लाडू कसे कडक होते, आचारी कसा चोर होता, आमच्या वडिलांना बँडवाला कसा निवडता आला नाही. मी गिळत होतो. मुलीचा भाऊ!

झिऱ्यापाशी नानांनी गाडी थांबवली. ओठांवर बोट ठेवलं. नेहमीचं सगळं म्हणून दाखवलं.

"अरे हट्!" सासरे गरजले. "बिबट्याचं काय कौतुक सांगतोस मला? आमच्या गोठ्यातून वासरं नेतात ते. चल, काढ गाडी."

मी मागे बघितलं तर कुसुमने डोळे मिटून घेतलेले.

नाना शांतपणे म्हणाले, "बापूसाहेब, तुमी बघितला असल. पन वाघोबाचा नारल चुकवून आजवर येक वरात पुडं गेली नाय. तुमची पयली जाऊ दे, माजं काय?"

यावर बोलल्या त्या आत्याबाई. "नारळ देऊन या की रे. पाच मिनिटांत काय बुडणार आहे? मीही येते, दर्शन होईल." आणि त्या स्वतःच दार उघडून खाली उतरल्या. मी मनात म्हटलं, वाघोबा, तुला माझ्याकडून पाच नारळ.

आम्ही चौघं वर गेलो. सासऱ्यांनी नारळ फोडला, अर्धं भकल दगडापुढे ठेवलं, हात झटकले आणि वळले. दोन मिनिटांत आटोपलं! नाना म्हणाले, "वाईच बसा, पान्यावर नजर टाका." सासरे म्हणाले, "काही नाही तिथे." नानांनी कुठल्या तरी पाखराकडे बोट दाखवलं. सासरे म्हणाले, "साळुंकी आहे ती." नानांनी झाडाकडे बोट दाखवलं. "वानर." नानांच्या कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत इतकं माहीतगार गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. सासरे पाऊल टाकणार, तोच नानांनी त्यांचं मनगट धरलं.

मला वाटलं, आता हाणामारी होणार. पण नाना सासऱ्यांकडे बघतच नव्हते. त्यांचा दुसरा हात ओठांकडे निघालेला, तो वाटेतच थांबला होता.

पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या आला. अगदी सावकाश, घरच्यासारखा. पाण्याशी येऊन बसला, मान खाली घातली आणि प्यायला लागला. पाणी पितानाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. नाना माझ्या कानाशी पुटपुटले, "आयला, खरंच हाय."

तुम्ही म्हणाल घाबरलात का? घाबरलो की! पण भीती नंतर आली. आधी फक्त बघत राहिलो. ऊन तिरपं होतं, त्याच्या पाठीवर पडलं होतं, आणि इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. आत्याबाई मटकन खाली बसल्या, त्यांनी हात जोडले. गोठ्यातली वासरं गमावलेले ते सासरे, त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द नव्हता. बिबट्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा प्यायला. पोटभर पिऊन उठला आणि आल्या वाटेने गेला.

खाली उतरताना सासरे कुजबुजले, "मी तो नेहमी बंदुकीच्या नळीवरून बघितला. असा कधी बघितला नव्हता."

गाडी निघाली. सासरे गप्प. बोललेच तर हळू, जवळजवळ कानात. संध्याकाळ होत आली होती, पेणच्या अलीकडची शेतं मागे पडत होती, आणि त्या शांततेत मागून कुसुमचा आवाज आला.

"मामंजी, जूनमध्ये मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय. दोन वर्षांसाठी. तुमची परवानगी हवी."

नवी नवरी, डोक्याला मुंडावळ्या, त्याही आमच्याच दुकानातल्या, आणि सासऱ्याशी तोंड वर करून बोलतेय!

सासरे सबंध मागे वळले. सुनेकडे नाही, मुलाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे तू शिकवलंस हिला?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

नानांनी गाडीचा वेग कमी केला. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बापूसाहेब, मधी बोलतो, राग नको. आमच्या गावात येक रीत हाय. ज्या दिशी वाघरू पानी पिताना दिसला, त्या दिशी पयला मागना जो मागील त्याला नाय म्हनायचा नाय. म्हनला तर परत कवा तो दर्शन देत नाय."

असली रीत ना त्यांच्या गावात होती ना कुठल्या. मी अर्धा जन्म त्या मुलखात काढलाय. सासरे काही म्हणणार, एवढ्यात आत्याबाई जपमाळेच्या पिशवीत हात घालून, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खरंय ते. माझ्या सासरीही असंच म्हणायचे."

आत्याबाई अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. त्यांनी सासरी असं काय ऐकलं असणार! सासऱ्यांनाही ते ठाऊक होतं. ते बहिणीकडे बघत राहिले. मग पुढे वळले आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "जाऊ दे तिला. सुट्टीत मात्र घरी यायचं."

मागे कुसुम रडायला लागली. नवरी रडतेच, कोणी काही म्हटलं नाही.

दिवाळसणाला ती पुण्याहून आली तेव्हा मी तिला चिडवलं, "काय गं, गाडीत एवढं काय पढवलं जावईबापूंनी, की एकदम सासऱ्यांनाच विचारलंस?"

ती हसत सुटली. म्हणाली, "दादा, एक शब्द बोललो नाही आम्ही. मी म्हटलं आधी ते बोलतील, त्यांना वाटलं मी बोलेन. मग मी हळूच बघितलं, तर त्यांच्या हातातला रुमाल नुसता थरथरत होता. माझ्याहून जास्त घाबरलेले! माझी भीतीच गेली रे. म्हटलं, माणूस चांगला आहे, पण ह्यांच्या बोलण्याची वाट बघत बसले तर म्हातारी होईन."

मी ते पळत जाऊन नानांना सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. एवढी वर्षं ज्यासाठी गाडी थांबवली ते फुकट. नाना मुळीच दचकले नाहीत.

"मना ठावा हाय," ते म्हणाले. "परत येऊन तोंडा बघितली का समजते. निम्मे मुकेच बसतान."

"मग थांबवता कशाला?"

"शेट, त्यांनी नाय बोलला तरी चालते. बाकीच्यांचा बोलना बंद झाला पायजे. मंग मानसाला आपला आपल्याला ऐकू येते."

मला अजून वाटतं, पनवेलच्या त्या सबंध बाजारात इतका शहाणा माणूस दुसरा नव्हता. शेकरूला मांजर म्हणेना का!

पुढे नानांची छाती भरू लागली, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, आणि त्यांनी ती बंद केली त्याच पावसाळ्यात ते गेले. कुसुम तेव्हा माणगावला शाळेत मास्तरीण होती. कळल्यावर शनिवारची शाळा सुटताच एसटीने आली, आणि रविवारी आम्ही दोघं त्यांच्या गावी भेटायला गेलो.

नानांची बायको ओटीवर बसली होती. रडली नव्हती म्हणे, गेल्यापासून एकदाही नाही. घरचे त्याच काळजीत होते. कुसुमने आपण कोण ते सांगितलं, बिबट्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगल्या दुनियेला नेला त्या रानात. मना येकदा नाय नेला. म्हनायचा, तिथं काय बघायचा हाय?"

कुसुम उठली. "चला, मी नेते."

घरातले 'अहो, आत्ता कुठे, सुतक आहे' म्हणत राहिले. कुसुम खोताघरची सून, आणि वर मास्तरीण. ती कोणाचं ऐकते? आम्ही पनवेलला आलो, पेणची गाडी धरली आणि खिंडीअलीकडे उतरलो. पाऊस नुकताच उघडला होता. झिरा भरून वाहत होता, सगळीकडे गच्च हिरवं, आणि जनावर सोडाच, एक साळुंकीही नव्हती. म्हातारी काठावरच्या खडकावर बसली. पाण्याकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, रस्ता दिसतो का ते मान वळवून बघितलं.

"हितंच थांबायचा?"

"हो, आजी. इथेच."

"लोकांच्या पोरींसाटी?"

"हो."

मग म्हणाली, "मना वाटायचा, पेनला कोन बाई ठेवलीय. लगनसराईत रोज उशीर. मी किती किती बोलली त्याला. येकदा तरी सांगायचा ना."

आणि मग ती रडली. पदर तोंडात न घालता, मोठ्याने, रान दणाणून जाईल अशी रडली. कुसुम तिच्याशेजारी खडकावर बसली होती. तिने म्हातारीला गप्प केलं नाही, आणि मीही रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.